बुजगावण्याचा सावत्र भाऊ

बांधावरून : शिवारकर

आमच्या ज्वारीत आजी दरवर्षी बुजगावणं उभं करायची. डोक्याला चुना फासलेलं मडकं, अंगात आजोबांची विटकी बंडी. चार दिवस पाखरं बिचकायची. पाचव्या दिवशी त्याच्याच खांद्यावर बसून कणसं हेरायची. मग आजी मचाणावर चढायची आणि गोफण फिरायला लागायची.

मार्चअखेरीस इंग्लंडात, लिंकनशरच्या सपाट शिवारात, मला या बुजगावण्याचा सावत्र भाऊ भेटला. तोही शेतात, तोही खोटा, पण धंदा उलटा. पाखराला हाकलायचं नाही, बोलावून घ्यायचं. प्लास्टिकचं पोकळ, राखाडी कबूतर, काडीवर टेकवलेलं. तिकडे त्याला डिकॉय म्हणतात. अशी पंधरा-वीस डिकॉय नुकत्याच पेरलेल्या वाटाण्यात मांडायची, जाळीच्या आडोशात छऱ्याची बंदूक घेऊन बसायचं आणि खरी कबुतरं उतरायला लागली की टिपायची. आपल्याकडचे फासेपारधी पाळलेल्या तितराच्या हाकेवर रानातले तितर फासात आणायचे, त्यातलीच ही गोष्ट. फरक इतकाच की बंदुकीसमोर जिवंत पक्षी बांधून दुसऱ्याला भुलवायला तिथला कायदा मनाई करतो.

ही कबुतरं म्हणजे आपल्या खिडकीच्या ग्रिलवर घुमणारे पारवे नव्हेत. वुड पिजन हे अर्धा किलोच्या घरात भरणारं दणकट रानकबूतर. मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरा डाग, उडताना पंखावर ठळक पांढरा पट्टा. ब्रिटनमध्ये त्याच्या विणीच्या जोड्याच सुमारे पन्नास लाख आहेत. हिवाळ्यात ती आपल्या मोहरीचं भावंड असलेल्या रेपची पानं शिरेपर्यंत ओरबाडतात, वसंतात पेरलेलं बी टिपतात, उन्हाळ्यात आडव्या पडलेल्या गहू-बार्लीवर बसतात. ओरबाडलेलं रेप उशिरा फुलतं, एका शेतात निम्मं पिकलेलं आणि निम्मं हिरवं राहतं आणि कापणीच्या वेळी शेतकरी कपाळाला हात लावतो.

मी ज्यांच्याबरोबर बसलो ते गृहस्थ सत्तरीचे, शेतमालकाच्या सांगण्यावरून येणारे राखणदारच म्हणा. त्यांनी कुंपणाच्या कोपऱ्यात जाळी लावली, डिकॉय मांडली आणि आम्ही बसलो. पहिल्या दीड तासात एकही कबूतर आलं नाही. म्हणजे कबुतरं होती, पण आमच्यापासून दीडशे पावलांवर, पॉप्लरच्या झाडांच्या रांगेवरून थव्याथव्याने जात होती. आमच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. मला वाटलं, डिकॉय कमी पडली असतील. म्हातारबुवा मात्र स्वतःवरच चिडले होते. "फाटकाजवळ गाडी लावली आणि गाडीजवळ बसलो. आळस नडला," म्हणाले. सगळा पसारा उचलून आम्ही पॉप्लरच्या टोकाला नेला. तीच डिकॉय, तीच बंदूक, तोच माणूस. वीस मिनिटांत पहिली जोडी पंख आखडून खाली आली.

या खेळातलं यश वाढवायचं म्हणजे काय, ते मला त्या वीस मिनिटांत कळलं. बाजारात मिळणाऱ्या वस्तूंनी ते फारसं वाढत नाही. रानकबुतरांचे आभाळात ठरलेले रस्ते असतात: झोपायच्या झाडीपासून चरायच्या शेतापर्यंत, झाडांच्या रांगेवरून, दोन रानांमधल्या खिंडीतून. आदल्या दिवशी दुर्बीण घेऊन दोन तास नुसतं बघत बसलं की हे रस्ते दिसतात. कोणत्या शेतात उतरतात, किती वाजता, वारा कुठून असताना. हे न बघता बसलेला माणूस दिवसभर वाट बघतो. आर्ची कोट्स या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने युद्धानंतर हॅम्पशरमध्ये कबुतरं मारण्याचाच व्यवसाय केला आणि १९६२ साली एका दिवसात साडेपाचशे पाडली. तो आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. बंदूक बाहेर काढण्याआधी टेहळणी करा, हा त्याचा धडा मात्र फार थोडे गिरवतात.

रस्त्यानंतर वारा. कबूतर वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. म्हणून वारा आपल्या पाठीवर किंवा थोडा तिरका हवा, म्हणजे पाखरू समोरून येतं. वाऱ्याच्या दिवशी ती खालून उडतात. वारा पडलेल्या दिवशी उंचावरून, निवांत, सगळं निरखत जातात. अशा दिवशी घरी बसलेलं बरं.

मग मांडणी. पाहुणा म्हणून मी चार डिकॉय हौसेने मांडली, ती म्हातारबुवांनी मुकाट्याने उचलून पुन्हा लावली. मी ती जवळजवळ ठेवली होती. चरणारी कबुतरं एकमेकांपासून अंतर राखून असतात. घोळका करून, माना वर काढून उभी असली तर आभाळातल्या सोबत्यांना ते धोक्याचं लक्षण वाटतं. त्यामुळे दोन-तीन पावलांचं अंतर, बहुतेकांची तोंडं वाऱ्याकडे, पण कवायतीसारखी नव्हे. साधारण घोड्याच्या नालासारखा आकार आणि मधे मोकळी जागा. येणारं पाखरू तिथे उतरायला बघतं, आणि ती जागा बंदुकीपासून वीस-पंचवीस पावलांवर ठेवायची. पहिली कबुतरं पडली की प्लास्टिक काढून तीच मांडायची, कारण पावसाने भिजलेलं प्लास्टिक चमकतं आणि चमकलं की संपलं. जिथे पडलं तिथे पोट वर करून राहिलेलं पाखरू ताबडतोब उचलायचं. वरून जाणाऱ्याला तो पांढुरका ठिपका लांबून दिसतो.

पंखावरच्या पांढऱ्या पट्ट्याचाही इथे उपयोग होतो. बॅटरीवर फिरणाऱ्या दोन दांड्यांना पंख पसरलेली मेलेली कबुतरं अडकवतात. त्याला मॅग्नेट म्हणतात. पट्टे लुकलुकतात आणि लांबच्या थव्याला वाटतं, कोणी तरी उतरतंय. यंत्र खरोखर काम करतं. पण त्याच शिवारात आठवडाभर तेच यंत्र फिरलं की कबुतरं लांबूनच वळायला लागतात. आजीच्या बुजगावण्याची गत तशी याची. खोटं एकाच जागी फार दिवस उभं राहिलं की पाखराला कळतं.

बाकी संयम. चेहरा झाकलेला, हात खाली, आणि पाखरू उतरण्याच्या बेतात येईपर्यंत उठायचं नाही. म्हातारबुवांनी पस्तीस पावलांवर एक काठी रोवली होती. काठीपलीकडे त्यांनी एकदाही बंदूक चालवली नाही. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "तिथे मारलं तर मरत नाही, जखमी होतं. मग ते शोधायला अर्धा तास जातो, नाही सापडलं तर रात्र जाते." पडलेलं प्रत्येक पाखरू त्यांनी शोधून आणलं. दुपारी पहिल्याची गळ्याखालची पिशवी चाकूने उघडून दाखवली: रेपच्या पानांचा हिरवा चोथा आणि त्यात पाण्याने फुगलेले सात-आठ वाटाणे. पाखरं कुठे चरून येतात आणि कशावर उतरतात, याचा लेखी जबाबच तो.

आता माझा मुद्दा. ब्रिटनमध्ये बहुतेक रानपक्ष्यांना १९८१ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, वुड पिजनलाही. ते मारायची मुभा मिळते ती सरकारच्या 'जनरल लायसन्स'मुळे, आणि इंग्लंडात तीही पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी, हाकलण्याचे दुसरे उपाय पुरे पडत नसतील तर. २०१९ च्या एप्रिलमध्ये 'वाइल्ड जस्टिस' या संस्थेने आव्हान दिल्यावर ही लायसन्सं एका रात्रीत रद्द झाली, ऐन पेरणीत शेतकऱ्यांची तारांबळ उडाली आणि मग अटी नव्याने लिहून नवी लायसन्सं निघाली. त्या गोंधळावर दोन्ही बाजूंनी आरडाओरड झाली. मला त्यातलं एकच महत्त्वाचं वाटतं: कायदा हौसेला परवानगी देत नाही, राखणीला देतो. मग यश मोजायचं ते राखणीने. आकड्याने नव्हे.

आणि आकड्याचं पितळ तिथल्याच एका शास्त्रज्ञाने कधीच उघडं पाडलंय. रोनाल्ड मर्टन यांनी केंब्रिजशरमधल्या कार्लटन परिसरात वर्षानुवर्षं या कबुतरांचा अभ्यास केला. हिवाळ्यात थवेच्या थवे मारण्याच्या मोहिमा चालायच्या, सरकार काडतुसांवर सवलत द्यायचं. मर्टन आणि सहकाऱ्यांना दिसलं ते असं, की कबुतरांची संख्या ठरवत होता हिवाळ्यातला क्लोव्हर या हिरव्या चाऱ्याचा तुटवडा. बंदुकीने मेलेली बरीचशी तशीही उपाशी मेली असती, आणि उरलेल्यांच्या वाट्याला जास्त चारा आला. सवलत बंद झाली. पुढे हिवाळाभर हिरवं राहणारं रेप शिवारात पसरलं, तो उपासाचा काळच सरला आणि कबुतरं दुपटीहून वाढली. म्हणजे संख्या वाढवली शेतीने. ती बंदुकीने कमी होईल, ही आशा सोडलेली बरी.

मग हे सगळं फुकट? नाही. संख्या कमी होत नसली तरी हे शेत, हे थोडे दिवस, एवढं वाचवता येतं. वाटाणा रुजून वर येईपर्यंत पाखरांना तिथे उतरायची भीती वाटली की पुरे. त्यासाठी योग्य जागी बसलेला एक माणूस आणि पडलेली वीस कबुतरं बस्स होतात. उलट कापणी झालेल्या गव्हाच्या धसकटांवर सांडलेले दाणे टिपणारी दोनशे पाडली, तर वाचलं कोणाचं काय? शिकारी म्हणतात, आज धसकटावरची उद्या रेपवर येणार. मर्टन यांच्या आकड्यांपुढे हा युक्तिवाद टिकत नाही.

आपल्या वाचकांपैकी कोणाचे हात शिवशिवले असतील तर स्पष्टच सांगतो: आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानपक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे. आपल्या सह्याद्रीतही एक रानकबूतर आहे, निलगिरी रानकबूतर. मुंबईचे जुने गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचं नाव त्याच्या शास्त्रीय नावात आहे. ते सदाहरित रानात फळं खातं आणि त्याचं अस्तित्वच धोक्यात आहे. लिंकनशरमधून आपण उचलायची ती बंदूक नव्हे, दुर्बीण. पाखरं कुठून येतात, किती वाजता, शेताच्या कोणत्या टोकाला आधी उतरतात, हे बघून राखण करणाऱ्याची गोफणही निम्म्या श्रमात काम करते. आजी मचाण दरवर्षी ओढ्याच्या बाजूलाच का बांधायची, हे मला लिंकनशरात बसल्यावर कळलं.

त्या दिवशी एकवीस पडली. संध्याकाळी शेतमालक आला, त्याने आकडा विचारलाच नाही. सरळ वाटाण्याच्या ओळीत जाऊन बूट खुपसून माती उकरली आणि बी जागेवर आहे का ते बघितलं. तेव्हा यापुढे कोणी पडलेल्या पाखरांच्या राशीचा फोटो तुमच्यापुढे धरला, तर किती, असं विचारू नका. शेतात काय पेरलं होतं, तेवढं विचारा.