मांडी घालून बसण्याचा रकाना
आईला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा फिजिओथेरपीचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी एक मुलगी प्रबंधासाठी घरी येई. हातात बार्थेल निर्देशांकाचा तक्ता. १९६५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला. जेवण, आंघोळ, जिना, खाटेवरून खुर्चीत बसणे, सारे त्यात होते. आईने विचारले, ‘अगं, पण मला देवापुढे मांडी घालून बसता येईल का?’

तसा रकानाच नव्हता! मुलीने तो प्रश्न समासात पेन्सिलीने टिपला. माझ्या मते खरे संशोधन तिथे सुरू झाले. मार्गदर्शकांनी मात्र तो खोडायला लावला. प्रबंध वेळेत हवा ना! पण उकिडवे बसून भांडी घासणाऱ्या आमच्या बायकांचे बरे होणे मग मोजायचे कुणी? विद्यार्थ्यांना एवढी तरी मोकळीक द्या.

आई आता खुर्चीत बसूनच पूजा करते.