निराळे अंथरूण

धाकटी जन्मली त्याच आठवड्यात थोरल्यास आईच्या कुशीतून उठवून दूर निजविण्याची चूक आमच्या घरीही घडली. पोर रात्री उशी उराशी धरून उंबरठ्यावर बसे. बाळाने आपली जागा हिरावली, असेच त्यास वाटले. मातापित्यांनो, हा पालट बाळंतपणापूर्वी दोन-तीन महिने तरी करावा. प्रथम मुलाची वाकळ आईच्या अंथरुणालगतच पसरावी, मग दर दोन दिवसांनी वीतभर सरकवावी. रात्री उठून आलाच, तर न रागावता हात धरून परत नेऊन निजवावे. बागुलबुवाचे भय मुळीच घालू नये. ३-४ वर्षांच्या वयात अंधाराची भीती असतेच, मिणमिणता दिवा राहू द्यावा. आमच्या थोरल्याची वाकळ भिंतीपाशी पोहोचावयास महिना लागला. त्याची आजी मात्र अजून विचारते, एवढी घाई कशाला होती!