समजून घ्या : ‘एसएमए’ आजार, पेशीतील इवले आरएनए आणि १५,९०० रुपयांची बाटली

केडगाव (अहिल्यानगर) : ‘१६ कोटींचे इंजेक्शन’ म्हटले की २०२१ मध्ये मोबाइलवर फिरलेली मदतीची आवाहने आठवतात. तो आजार म्हणजे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, अर्थात ‘एसएमए’. त्यावरील रिसडिप्लाम हे तोंडाने घ्यायचे औषध आता भारतात बरेच स्वस्त झाले आहे. ते नेमके करते काय? उत्तर पेशीतील लघु केंद्रकीय आरएनए रेणूंमध्ये आहे.

हे रेणू काय करतात?
जनुकातील माहिती आधी आरएनएच्या लांब प्रतीत उतरते. तिच्यातील नको असलेले तुकडे कापून हवे ते भाग जोडावे लागतात. याला स्प्लायसिंग म्हणतात. हे काम यू-१, यू-२, यू-४, यू-५ आणि यू-६ हे रेणू प्रथिनांच्या साथीने करतात. माणसातील यू-१ अवघ्या १६४ अक्षरांचा असतो.

त्यांच्यात साम्य काय?
प्रत्येकातील अक्षरांचा क्रम वेगळा. तरीही पहिल्या चौघांच्या टोकाला एकसारखी रासायनिक टोपी असते, धागा दुमडून हेअरपिनसारखी वळणे तयार होतात आणि ‘यू’ अक्षरांनी भरलेली एक छोटी पट्टी असते. या पट्टीभोवती सात ‘एसएम’ प्रथिनांचे कडे बसते. यू-६ थोडा वेगळा. त्याचे कडे याच प्रथिनांच्या भाऊबंदांचे असते. १९७९ मध्ये मायकल लर्नर आणि जोन स्टाइट्झ यांनी ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे वापरून हे आरएनए-प्रथिन संच ओळखले.

आजाराशी संबंध काय?
हे कडे बसवण्याचे काम ‘एसएमएन’ प्रथिन करते. एसएमएमध्ये त्याचे मुख्य जनुक, एसएमएन-१, निकामी असते. एसएमएन-२ हे राखीव जनुक असते; पण त्यातील एका अक्षराच्या फरकामुळे स्प्लायसिंगमध्ये सातवा तुकडा बहुतेक वेळा गळतो. रिसडिप्लाम तिथे यू-१ ची पकड घट्ट करते. तुकडा टिकतो आणि पूर्ण प्रथिन तयार होते.

किंमत कशी उतरली?
रोश कंपनीच्या बाटलीची किंमत सुमारे ६ लाख रुपये होती. नॅटको कंपनीला रोखण्यास दिल्ली उच्च न्यायालयाने नकार दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. त्यानंतर नॅटकोने १५,९०० रुपयांची बाटली आणली.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?
बाळ मान धरत नसेल, पाय फारसे हलवत नसेल, वयानुसार बसत नसेल, तर थांबू नये. मेलेल्या चेतापेशी औषधाने परत येत नाहीत. निदान रक्ताच्या जनुकीय चाचणीने होते. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात धोका २५ टक्के असतो. दुर्मीळ आजार धोरणाखाली ५० लाखांपर्यंतच्या मदतीची तरतूद असून, मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यातील मान्यताप्राप्त केंद्र आहे. केडगावहून मुंबई लांब असली, तरी पहिली शंका जवळच्या बालरोगतज्ज्ञाकडे आजच मांडता येते.