वर्ग न्यूरोडायव्हर्स असतो, एकटं पोरगं नाही

इन्स्टाच्या बायोत ‘मी न्यूरोडायव्हर्स’ लिहिणाऱ्यांशी माझं भांडण आहे, आणि ते निव्वळ व्याकरणाचं नाही. किनवटच्या जंगलात विविधता असते. त्यातला एकटा साग ‘विविध’ नसतो. तसाच न्यूरोडायव्हर्स असतो तो अख्खा वर्ग. ऑटिझम, एडीएचडी किंवा डिस्लेक्सिया असलेली व्यक्ती न्यूरोडायव्हर्जंट. हा फरक पुसला की वेगळेपण एकाच पोराच्या डोक्यात राहतं आणि वर्ग मोकळा सुटतो.

लातूर-नांदेडच्या क्लासेसमध्ये हेच चालतं. ‘लातूर पॅटर्न’ म्हणजे सराव परीक्षा, त्यावर आणखी सराव परीक्षा. सगळ्या डोक्यांना एकच साचा. त्यात न बसणाऱ्यासाठी शब्द तयारच आहेत: मठ्ठ, येडं, धांदरट. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचं नावही नाही. म्हणजे ते पोरगं कागदावर नाही आणि वर्गातही नाही.

म्हणून हा शब्द बायोतून काढा, वर्गात न्या. सूचना फळ्यावर लिहून मागा, पेपरला जादा वेळ मागा, मार्कांवरून बाक ठरवणं बंद करायला सांगा. नुसतं मिरवून त्या पोराचा एक मार्कही वाढत नाही.