परकराची नाडी आणि कमरेचा पट्टा



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांची खांदेमळणी होते. हळद-तूप लावून खांदे चोळले जातात. वर्षभर जू वाहून खांदा सुजला आहे का, कातडी सोलली आहे का, हे त्या निमित्ताने घरधनी हात फिरवून पाहतो. ही चाल मला फार आवडते. पण त्याच घरातल्या बाईच्या कमरेवर परकराच्या नाडीचा काळा करकोचा पडलेला असतो. तो कोणी पाहत नाही. ती स्वतःही पाहत नाही.

शेतीच्या पानावर हा शिवणाचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु कांद्याची लागवड असो, खुरपणी असो की द्राक्षाची विरळणी असो, ती करणारी बाई दिवसाचे आठ तास याच नाडीत बांधलेली असते. बसली की नाडी रुतते, उठली की घासते, वर घाम आणि धूळ. निफाड भागात कांदालागवडीच्या वेळी बांधावर बसून मी एका मावशींना म्हटले, "मावशी, नाडी थोडी सैल बांधत जा." त्या हसून म्हणाल्या, "ताई, सैल बांधली तर लुगडं जागेवर राहंल का? अन् पोट सुटल्यावानी दिसतं, ते येगळंच!"

मावशींचे दोन्ही आक्षेप खरे आहेत. साडीचा भार कशाने तरी पेलला पाहिजे, आणि अंगावर ती शोभलीही पाहिजे. मात्र दोन्हींवर इलाज घट्ट गाठ हा नव्हे. इलाज आहे रुंद पट्ट्याचा, थोडा उंच बसणारा, आपल्या अंगलटीप्रमाणे बेतलेला परकर.

आधी धोका समजून घेऊ. सन 1945 मध्ये मुंबईचे डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांच्या सहकारी डॉ. सूर्याबाई यांनी चालीरीतींमुळे होणाऱ्या कर्करोगांवर एक निबंध प्रसिद्ध केला. कमरेला घट्ट धोतर नेसल्याने त्या जागी होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद त्यात होती. पुढे सन 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी अशाच दोन स्त्रियांची हकिगत 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात दिली. एक सत्तर वर्षांची. तिच्या कुशीवरची जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसरी साठीच्या पुढची. ती वर्षानुवर्षे लुगडे घट्ट आवळून नेसत आलेली होती. वारंवार घासून झालेल्या जुनाट जखमेत दोघींनाही कर्करोग निघाला.

घाबरून जाऊ नका. असा कर्करोग फार विरळा. बहुतेकींच्या कमरेवर खाज, काळेपणा किंवा चट्टा एवढेच असते. पण सुरुवात तिथूनच होते, आणि ती थांबवणे आपल्या हाती आहे.

द्राक्षबाग असलेल्यांना हे पटकन कळेल. वेल ताराला बांधताना बारीक सुतळी करकचून बांधली, तर खोड पोसल्यावर ती सालीत रुतते. तेच रुंद कापडी पट्टीने बांधले तर वेल जागेवर राहते आणि सालही शाबूत राहते. परकराची नाडी गोळा होऊन जेमतेम अर्धा सेंटिमीटर उरते. तिच्या जागी सहा सेंटिमीटरचा पट्टा आला, की तोच ताण बारापट जागेवर पसरतो. शिवाय रुंद पट्टा अंगाला सपाट धरून राहतो, म्हणून तो आवळावा लागत नाही.

आता शिवणाकडे वळू. कापड सुती घ्यावे आणि बेतण्यापूर्वी पाण्यातून काढावे. सहा कळ्यांच्या परकराला साधारण दोन ते सव्वादोन मीटर लागते. कमरेचे माप उभ्याने घेऊ नये. जेवण झाल्यावर, खुरपायला बसतो तसे उकिडवे बसून घ्यावे. उभ्याच्या आणि बसल्याच्या मापात जो फरक दिसेल, तेवढीच नाडी आजवर तुमच्या अंगात रुतत होती.

पट्टा सहा सेंटिमीटरचा हवा असेल तर पट्टी चौदा सेंटिमीटर रुंद कापावी; दुमडून आणि शिवणीत जाऊन सहा उरते. लांबी कमरेच्या मापाहून आठ सेंटिमीटर जास्त ठेवावी. डाव्या बाजूला उघड ठेवून दोन चपटे हूक लावावेत आणि त्यांच्यासाठी अडकवण्या तीन ठिकाणी कराव्यात, म्हणजे जेवणानंतर किंवा महिन्याच्या त्या दिवसांत एक घर सैल करता येते. पट्टा लावल्यावर दोन बोटे सहज आत गेली पाहिजेत. नाडीच हवी असेल तर अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीची चपटी पट्टी करून नेफ्यात घालावी आणि पाठीमागे मधोमध टीप मारून पक्की करावी. मग तिचा पीळ होत नाही.

पट्टा बसवण्याची जागा म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधली. बाजूला वाकलो की जिथे घडी पडते ती जागा हीच. पट्ट्याची वरची कड बेंबीच्या दोन बोटे वर येऊ द्यावी. यापुढचा बेत ज्याच्या त्याच्या अंगलटीवर.

ठेंगणी आणि सडपातळ असाल तर पट्टा याच उंचीवर ठेवा. त्याने पाय लांब दिसतात आणि निऱ्या उंचावरून सरळ पडतात. घेर मात्र बेताचा, चुण्या नकोत. साडीचे काठ अरुंद असावेत.

उंच आणि किडकिडीत असाल तर आठ कळ्या घ्या. मागे थोड्या चुण्या दिल्या तर अंग भरल्यासारखे दिसते. रुंद काठ तुम्हालाच शोभतो.

पोट पुढे असेल तर समोरची कळी अगदी सपाट ठेवा. चुण्या असतील त्या मागे. पट्टा पोटाच्या फुगवट्यावर नको, त्याच्या वर बसवा. नाडी करकचून बांधली की पोटाचे दोन भाग होतात, एक वर आणि एक खाली. साडीतून दिसते ते हेच. मावशींच्या दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर इथे आहे. पोट लपते ते सरळ उतरणाऱ्या कापडाने, आवळल्याने नव्हे.

कंबर बारीक आणि नितंब भारी असतील तर पट्टा कमरेच्या मापाचा ठेवून मागे दोन टक्स घ्या, आणि कळ्यांचा घेर नितंबाखालून उलगडू द्या. कमरेपासूनच घेर दिला तर अंग आणखी रुंद दिसते.

छाती आणि कंबर यांत अंतर कमी असेल तर सहाऐवजी चार सेंटिमीटरचाच पट्टा घ्या. नाहीतर बसल्यावर तो बरगडीला टोचेल.

मुलींच्या परकर-पोलक्याचे शास्त्र निराळे. लहान मुलीला कंबर अशी नसतेच, म्हणून परकर घसरतो आणि आई नाडी आवळते. त्यापेक्षा परकर बिनबाह्यांच्या अंगरख्याला जोडून शिवावा. भार खांद्यावर जातो. खाली चार बोटांची दुमड ठेवली तर दरवर्षी थोडी उसवून तोच परकर दोन-तीन वर्षे चालतो. येवल्याच्या जुन्या पैठणीचा परकर नातीला शिवणार असाल तर हे अवश्य करा. जरीचा काठ जड असतो, तो लहानगीच्या कमरेवर लोंबकळू देऊ नये.

नऊवारी नेसणाऱ्या आजींना पट्टा शिवा म्हणणे व्यर्थ, हे मी अनुभवाने शिकले. त्यांच्यासाठी एवढेच: लुगड्याखाली मऊ सुती कापडाची चौपदरी, वीतभर रुंद पट्टी गुंडाळावी, गाठ रोज एकाच जागी न घेता कधी डावीकडे कधी उजवीकडे घ्यावी, आणि रात्री लुगडे सैल करूनच निजावे.

फवारणी झालेल्या बागेत काम केले असेल तर घरी येताच परकर बदलावा आणि वेगळा धुवावा. नेफ्यात घामाबरोबर औषधही मुरते. कंबर साबणाने धुऊन कोरडी करावी.

आणि शेवटी खांदेमळणीची गोष्ट. महिन्यातून एकदा न्हाताना कमरेभोवती बोटे फिरवून पाहा. पाठीकडची बाजू सुनेने सासूची आणि सासूने सुनेची पाहावी. नुसता काळेपणा असेल तर नाडी बदलून, सैल करून पाहावे. पण खाज थांबत नाही, पांढरा किंवा खवल्यांचा चट्टा वाढतो आहे, गाठ लागते आहे, अथवा जखम तीन-चार आठवड्यांत भरत नाही, असे दिसले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. डॉक्टर जखमेचा बारीक तुकडा तपासणीस पाठवतील. त्याला नकार देऊ नये. हळद, राख, चुना लावून वाट पाहू नये. वर सांगितलेल्या आजीने दीड वर्ष काढले होते.

घरधन्यांनाही एक सांगणे. पट्ट्याच्या परकराला साध्या परकराहून वीतभर कापड आणि शिंप्याची थोडी शिलाई जास्त लागते. येत्या बाजाराला जाल तेव्हा बैलाच्या नव्या झुलीबरोबर तेवढे कापडही आणा.