संमती कोणाची?

‘प्रेमविवाहास आमची मुळीच हरकत नाही, मात्र मुलगा आपल्यातला असावा,’ हे वाक्य आज सुशिक्षित घरांतून इतक्या सहजपणे कानी पडते की, त्यातील विसंगती बोलणाऱ्याच्याही ध्यानी येत नाही. गेल्या दोन पिढ्यांत विवाहाचे बाह्य रूप पालटले, हे खरे. मुली शिकल्या, मिळवत्या झाल्या; होकार देण्यापूर्वी वधूवर परस्परांशी मनमोकळे बोलू लागले; पत्रिकेचा आग्रहही अनेक घरी सैल झाला. परंतु विवाहसंकेतस्थळांवर जातीचा रकाना अद्याप आपले स्थान राखून आहे. २०११-१२ च्या भारत मानवविकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण शेकडा सुमारे ५ इतकेच आढळले. प्रेमाला आम्ही उंबरठ्याच्या आत घेतले. जातीचा पहारा मात्र उठविला नाही.

विवाहात संमती कोणाची, हा प्रश्न या महानगरीला नवा नाही. याच मुंबईत १८८४ साली रखमाबाईंनी नांदावयास यावे म्हणून त्यांच्या पतीने फिर्याद केली. अजाण वयात आपल्या संमतीवाचून झालेले लग्न आपणांस बांधून ठेवू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. १८८७ मध्ये न्यायालयाने पतीकडे जाण्याचा हुकूम केला, तेव्हा त्यापेक्षा तुरुंगवास पत्करण्याची तयारी त्यांनी दर्शविली. पुढे तडजोड झाली आणि त्या विलायतेहून डॉक्टर होऊन परतल्या. एका स्त्रीच्या त्या निग्रहाने साऱ्या समाजाला आपल्या रूढीची झडती घ्यावयास लावले.

स्वतंत्र भारताने १९५४ साली विशेष विवाह कायदा करून भिन्न धर्मीयांना, स्वधर्म न सोडता, विवाहबद्ध होण्याचा मार्ग मोकळा केला. पण याच कायद्यात एक खोच राहून गेली आहे. वधूवरांनी दिलेली विवाहाची नोटीस कार्यालयात ठळक जागी लावली जाते आणि ३० दिवसांपर्यंत कोणासही हरकत घेता येते. हरकतीची कारणे मोजकीच आहेत: पूर्वीचा जोडीदार हयात असणे, वय कमी असणे, मनाची असमर्थता आणि निषिद्ध नाते. जात वा धर्म यांचा त्यांत समावेश नाही. तथापि ज्याला हे लग्न मोडावयाचे आहे, त्याला कायदेशीर कारणाची गरजच कोठे असते? त्याला हवे असते ते नाव आणि पत्ता. आणि तोच त्या फलकावर आयता मिळतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही प्रसिद्धी वधूवरांच्या इच्छेवर सोपविली. संसदेने तोच न्याय कायद्यात लिहून साऱ्या देशाला लागू करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आईबापांची काळजी खोटी असते, असे आम्ही म्हणत नाही. फसवणुकीची उदाहरणे घडतात आणि तरुण मन चुकतही असते. पण चूक काय केवळ प्रेमविवाहातच होते? पत्रिका जुळवून, मानपान सांभाळून लावलेले संसार मोडलेले आम्ही पाहिले नाहीत काय? काळजीतून सल्ल्याचा अधिकार जन्मास येतो, नकाराधिकार नव्हे. दोन सज्ञान व्यक्तींनी विवाह ठरविल्यावर कुटुंबाची वा जातीची संमती आवश्यक उरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे.

मात्र न्यायालय संरक्षण देऊ शकते, माहेर देऊ शकत नाही. लेक सल्ला मागण्यास घरी येईल की निरोपाची चिठ्ठी ठेवून घर सोडील, हे अखेर घरातील बोलण्यावरच ठरते. ‘आपल्यातला’ या शब्दाची व्याप्ती जेथे माणुसकीपर्यंत वाढेल, तेथे मुलांना पळून जाण्याचे कारणच उरणार नाही.