वेगविधारण हा कोणाचा अपराध?

२२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदीय औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के करही त्याच दिवसापासून रद्द झाला. आमच्या व्यवसायबंधूंनी या निर्णयांचे स्वागत केले, ते योग्यच होय. परंतु करांचा विषय निघाला की वैद्यवर्गात एक विचार हटकून ऐकू येतो. तो असा की, रोग हे बहुतांशी प्रज्ञापराधाचे फळ आहे. ज्याने दिनचर्या पाळली नाही, त्याच्या उपचाराचा भार प्रामाणिक करदात्याने का वाहावा? शासनाने कर कमी घ्यावेत आणि ज्याने त्याने आपले आरोग्य सांभाळावे.

या विचारात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. कोणतेही शासन कोणाच्या वतीने ब्राह्ममुहूर्ती उठत नाही, की भूक नसताना वाढलेले ताट बाजूस सारत नाही. धी, धृती व स्मृती ज्याची त्यानेच सांभाळावयाची असतात. स्वस्थवृत्ताचा हा उपदेश सोडून दिला, तर आमच्या शास्त्राचा प्राणच जाईल. प्रश्न इतकाच आहे की, हा उपदेश पाळणे रुग्णाच्या हाती किती असते?

आम्ही प्रत्येक रुग्णपत्रिकेत वेगविधारणाचा प्रश्न विचारतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात तेरा अधारणीय वेग सांगितले आहेत. मूत्रवेग अडविल्याने बस्तिशूल, मूत्रकृच्छ्र, शिरःशूल होतात, हे प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. आता बीड व लगतच्या जिल्ह्यांतून दर वर्षी ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रीचा विचार करावा. पतिपत्नी मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची, खाडा झाला तर पैसे कापले जावयाचे. पहाटे फडावर जावयाचे, तेथे आडोसा नाही. कोपीजवळ शौचालय नाही, पाणी दूर. म्हणून ती पाणीच कमी पिते आणि वेग अडवून धरते. या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका गाजला की, २०१९ साली राज्य शासनाला त्यासाठी समिती नेमावी लागली. अशा स्त्रीला 'बाई, वेग अडवू नका' असे सांगून आपले कर्तव्य संपते काय? येथे वेगविधारण घडते खरे, परंतु हा अपराध तिच्या प्रज्ञेचा नव्हे.

आचार्यांनाही हा भेद ठाऊक होता. विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात अग्निवेश विचारतो की, ज्यांची प्रकृती, आहार, बल, वय सारे भिन्न, ती माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने कशी मरतात? पुनर्वसु आत्रेयांचे उत्तर असे की, वायू, उदक, देश व काल हे चार भाव सर्वांना समान असतात. ते दूषित झाले की वैयक्तिक भेद निष्प्रभ ठरतो. या दुष्टीचे मूळ ते अधर्मात व प्रज्ञापराधात सांगतात, आणि देश, नगर व जनपद यांचे प्रमुख धर्म सोडून वागतात तेव्हा हा अधर्म प्रजेत पसरतो, असेही स्पष्ट करतात. म्हणजे प्रज्ञापराध हा शब्द केवळ रुग्णाच्या माथी मारण्यासाठी नाही. तो सत्ताधाऱ्यासही लागू आहे.

आपल्या राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्याची सुधारणा हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने शासकीय आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के करण्याचे ठरविले होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार तो १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम कुटुंबांनी थेट खिशातून भरली. हा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, हे नमूद केलेच पाहिजे. शासनाने हात घातला की भार हलका होतो, हेच त्यावरून दिसते.

'प्रामाणिक करदाता' म्हणजे केवळ आयकर भरणारा, ही समजूतही सोडावयास हवी. ती ऊसतोड स्त्री चहापत्तीवर, साबणावर, मोबाइलच्या रिचार्जवर कर भरतेच. तिच्यासाठी शौचालय उभारणे हे दान नव्हे, तिच्याच पैशाचा विनियोग होय. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळप होणाऱ्या उसावर कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यावेत व शासनाने तितकीच भर घालावी, असे धोरण ठरलेले आहे. या निधीतून प्रत्येक तळावर पिण्याचे पाणी आणि प्रत्येक फडाजवळ फिरते शौचालय मिळावे, अशी मागणी वैद्यांनी का करू नये? मूत्रकृच्छ्राची ती सर्वात स्वस्त चिकित्सा ठरेल.

याच न्यायाने आम्हांस आणखी एक गोष्ट खटकते. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने विडीवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के करण्याचे ठरविले. आमची औषधे स्वस्त झाल्याचा आनंद मानणाऱ्या आम्ही, ज्याने रोगी वाढतात ती वस्तू स्वस्त करण्याच्या निर्णयावर मौन पाळावे, हे शोभत नाही. अर्थात केवळ कर वाढवून व्यसन सुटत नाही. अहित सवय पादांशिक क्रमाने, चतुर्थांश चतुर्थांश करीत सोडावी, हा मार्ग त्याच सातव्या अध्यायात आहे. कर शासनाने लावावा. क्रम वैद्याने सांभाळावा. निश्चय रुग्णाने करावा. तिघांपैकी एकाने दुसऱ्याकडे बोट दाखविले की चिकित्सा फसते.

म्हणून आमची व्यवसायबंधूंना विनंती आहे की, रुग्णपत्रिकेत 'वेग अडविता का?' या प्रश्नापुढे 'का अडवावा लागतो?' हा प्रश्नही लिहावा. दहा रुग्णांचे उत्तर एकच आले, तर ते ग्रामपंचायतीस व तालुका आरोग्य अधिकाऱ्यांस लेखी कळवावे. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आहे, असे आपण रुग्णास नित्य सांगतो. निदान गावात असेल, तर परिवर्जनही गावातच व्हावयास हवे.